हॉलरॉइडबाईंच्या यादीत

ऑटलीच्या पुढे, मेंढ्यांच्या वाटेवर हॉलरॉइडबाईंचं घर.
आम्ही गेलो कुत्रं बघायला
आणि बघितलं गेलं आम्हालाच.
दिवसातून किती तास घरी असता?
कुंपण किती उंच? इंडियाला गेलात तर कुणाकडे ठेवाल?
अच्युत सोफ्याच्या अगदी कडेला बसलेला,
दाखवायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखा,
चहा हातात, न पिता.

मग बाईंनी कागद काढले.
डोळे तपासल्याचे, गुडघे तपासल्याचे, पाच पिढ्यांची नावं.
मला माझ्या माहेरची तिसरीच्या मागे ठाऊक नाहीत.
पिल्लांची होणारी आई तिथेच ओट्याखाली लोळत होती,
उठली, माझ्या बुटांचा वास घेतला,
काय ते ठरवून परत जाऊन पडली.
आत्ता पिल्लं नाहीत, बाई म्हणाल्या. ऑक्टोबरात. थांबाल?
आणि सहीच्या वरची एक ओळ
बोट ठेवून वाचून दाखवली:
कधीही, कुठल्याही कारणाने, सांभाळणं जमलं नाही
तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.
माझ्याकडे परत आणायचं. म्हातारं झालं तरी.

गाडीत अच्युत म्हणाला, बाई कडक आहे.
बरंच पुढे आल्यावर म्हणाला,
ते बारा वर्षांचं होईल तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा.
मी खिडकीबाहेर बघत होते.
ती ओळ आईने आत्याकडून लिहून घ्यायला हवी होती,
त्रेसष्ट साली.

सानिका ब्रिस्टलहून फोनवर:
विकत कशाला, आई? दत्तक घे. सगळे घेतात.
तिच्या तोंडात हा शब्द किती हलका,
दुकानातून दूध आण म्हटल्यासारखा.
आमच्याकडे तो होमाच्या धुरात डोळे चोळत ऐकलेला.
दामू सहा वर्षांचा, नवी टोपी,
या मांडीवरून त्या मांडीवर.
जाताना गोट्यांची पिशवी माझ्याकडे दिली,
परत आलो की घेतो.
आला. दर दिवाळीत, चार दिवस, नव्या आडनावाने.
स्वतःच्याच घरात पाणी मागून प्यायचा.

तरी कीथलीला गेलो, फेब्रुवारीत.
पिंजऱ्यांच्या रांगेत सगळे भुंकत होते, एक सोडून.
डग्लस. वय अंदाजे नऊ. चार दात कमी.
मालकीण वृद्धाश्रमात.
आईबापांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.
दार उघडलं की उठायचा,
आलेलं माणूस बघायचा, बसायचा.
पुन्हा दार. पुन्हा उठायचा.

नाव बदललं तरी चालेल, तिथली मुलगी म्हणाली.
मी इतक्या जोरात नको म्हटलं
की अच्युतने माझ्याकडे बघितलं.

दया आली म्हणून नाही आणला.
दयेने आणलेल्याला दया रोज मापून वाढावी लागते,
आत्या वाढायची.
का आणला, ते मला नीट सांगता येत नाही.
एक माणूस टेप घेऊन आला, आमचं कुंपण मोजून गेला,
आणि शनिवारी डग्लस पायपुसण्यावर, दाराकडे तोंड करून.

हॉलरॉइडबाईंना फोन केला, यादीतून नाव काढा.
वाटलं, रागावतील.
थोडं थांबून त्यांनी विचारलं, जिना चढतो का?
म्हटलं, नाही.
मग सध्या तुम्ही खाली झोपा.

तेव्हापासून मी खाली, सोफ्यावर.
वर अच्युतचं घोरणं, बाहेर बिन्यांची गाडी, उजाडायच्या आधीची.
गोट्यांची पिशवी कुठे गेली ते आठवत पडते.
आईने कुणाला तरी देऊन टाकली असेल.

अकराव्या रात्री
काळोखात नखांचा आवाज, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत.
मी हलले नाही.
मग पाणी. लपलप, लपलप,
बराच वेळ,
कुणालाही न विचारता.